ऊन, पाणी आणि युरियाची बॅग : प्रकाश-उत्प्रेरण म्हणजे काय?



जुलै महिन्यात पिकं हातभर झाली की आपल्या हदगावात कृषी सेवा केंद्रासमोर काय चित्र असतं, ते तुम्ही पाहिलेलंच आहे. कापसाला, उसाला, हळदीला युरिया द्यायची वेळ सगळ्यांची एकदाच येते. मग सकाळपासून रांग. कुणाला दोन बॅगा मिळतात, कुणी मोकळ्या हातानं गावाकडं परततं.

अशाच एका दिवशी वर्गात एका विद्यार्थ्यानं मला मोबाइलवरच्या एका व्हिडिओबद्दल विचारलं. त्यात एक माणूस मोटारसायकलच्या टाकीत पाणी ओततो आणि गाडी सुरू होते! "सर, पाण्यावर गाडी चालते तर आपण पेट्रोल कशाला घ्यायचं? माझ्या मामांनी तसलं किट मागवलंय."

मी विचारलं, "किट बसवल्यावर पेट्रोल लागायचं बंद झालं का?"

तो म्हणाला, "नाही सर. पेट्रोल तेवढंच लागतंय. वर बॅटरीपण लवकर उतरायला लागली."

सगळा वर्ग हसला. पण मामांचे पैसे गेले, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. त्याच दिवशी ठरवलं, की या विषयावर नीट लिहायचं. पाण्यापासून इंधन मिळतं ही गोष्ट पूर्ण खोटी नाही. ती अर्धी खरी आहे, आणि फसवणूक होते ती या अर्ध्या खऱ्यामुळंच. उरलेलं अर्धं खरं काय आहे आणि त्याचा युरियाच्या बॅगेशी काय संबंध आहे, ते आज समजून घेऊया.

पाणी हे इंधन नाही, ती राख आहे

लाकूड जळालं की राख उरते. ती राख पुन्हा चुलीत घातली तर पेटेल का? नाही. कारण लाकडातली ऊर्जा बाहेर पडून गेली.

हायड्रोजन वायू जळतो, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग पावतो, तेव्हा भरपूर उष्णता बाहेर पडते आणि तयार होतं पाणी. म्हणजेच पाणी ही हायड्रोजनची 'राख' आहे. पाण्यातून हायड्रोजन परत मिळवता येतो, हे खरं; पण जळताना जेवढी ऊर्जा बाहेर पडली, निदान तेवढी तरी परत घालावी लागते. प्रत्यक्षात थोडी जास्तच लागते, कारण प्रत्येक टप्प्यावर गळती असते.

आता मामांचं किट बघा. ते बॅटरीच्या विजेवर पाण्याचं विघटन करतं. बॅटरी चार्ज होते इंजिनावर आणि इंजिन चालतं पेट्रोलवर. म्हणजे पेट्रोल जाळून पाणी फोडायचं आणि त्यातून पेट्रोल वाचवायचं! आपल्याच खिशातले शंभर रुपये काढून त्यातले पन्नास पुन्हा खिशात ठेवण्यासारखं हे झालं.

मग खरा प्रश्न कोणता? पाणी फोडायला लागणारी ऊर्जा फुकट कुठून आणायची? उत्तर आपल्या डोक्यावरच आहे.

आपल्या एका एकरावर किती ऊन पडतं?

आपल्या भागात वर्षाची सरासरी काढली, तर दर चौरस मीटर जमिनीवर दिवसाला साधारण ५ युनिट ऊर्जा उन्हातून मिळते. युनिट म्हणजे विजेच्या बिलावर असतं तेच, किलोवॅट-तास. एका एकरात साधारण ४,०४७ चौरस मीटर असतात. गुणाकार करा : दिवसाला सुमारे २०,००० युनिट.

एक लिटर डिझेल जाळल्यावर साधारण १० युनिट ऊर्जा मिळते. म्हणजे तुमच्या एका एकरावर रोज सुमारे २,००० लिटर डिझेलएवढी ऊर्जा पडते! पैनगंगेच्या काठची दोन एकराची पट्टी असो की माळावरची हलकी जमीन, हा साठा कुणाला कमी मिळत नाही.

पिकं यातली किती वापरतात? वर्षभराचा हिशोब धरला तर बहुतेक पिकं १ टक्का किंवा त्याहूनही कमी ऊर्जा आपल्या अंगात साठवतात. तरीही त्या तेवढ्यावर आपण सगळे जगतो.

झाड जे करतं, तेच काम एखाद्या पदार्थाकडून करून घेता येईल का? ऊन घ्यायचं, पाणी फोडायचं आणि इंधन साठवायचं. याच प्रयत्नाचं नाव आहे प्रकाश-उत्प्रेरण.

उत्प्रेरक म्हणजे काय?

दहावीच्या पुस्तकात तुम्ही वाचलं असेल : पोटॅशियम क्लोरेट तापवलं तर ऑक्सिजन सुटतो, पण फार सावकाश. त्यात मँगनीज डायऑक्साइड मिसळलं की तीच अभिक्रिया कमी तापमानाला भराभर होते. शेवटी मँगनीज डायऑक्साइड जसंच्या तसं उरतं. जो पदार्थ अभिक्रियेचा वेग वाढवतो, पण स्वतः संपत नाही, तो उत्प्रेरक.

डोंगरापलीकडच्या गावाला जायचंय. एक रस्ता शिखरावरून जातो, दुसरा बोगद्यातून. बोगदा तुम्हाला ऊर्जा देत नाही. तो फक्त चढ कमी करतो. उत्प्रेरक म्हणजे असा बोगदा.

पण पाणी फोडायचं असेल तर नुसता बोगदा पुरत नाही. कारण पलीकडचं गाव मुळातच उंचावर आहे. तिथं पोचायला कुणीतरी वर उचलून न्यावं लागतं. प्रकाश-उत्प्रेरक ही दोन्ही कामं करतो : उन्हातून ऊर्जा घेऊन वर उचलतो आणि वाटही सोपी करतो.

ऊन पडल्यावर नेमकं काय घडतं?

प्रकाश-उत्प्रेरक म्हणून अर्धवाहक पदार्थ वापरतात. सोलर पॅनलमधलं सिलिकॉनही अर्धवाहकच. काम तीन टप्प्यांत होतं :

१. प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, पदार्थावर आदळतो. तिथला एक इलेक्ट्रॉन उसळी घेऊन वरच्या पातळीवर जातो. त्याच्या जागी खाली एक रिकामी जागा राहते. तिला 'पोकळी' म्हणू.

२. इलेक्ट्रॉन आणि पोकळी दोघंही कणाच्या पृष्ठभागाकडं सरकतात.

३. पृष्ठभागावर पाणी असतं. पोकळी पाण्यातून इलेक्ट्रॉन ओढून घेते, तेव्हा ऑक्सिजन सुटतो. वर गेलेला इलेक्ट्रॉन पाण्यातल्या हायड्रोजन आयनाला मिळतो, तेव्हा हायड्रोजन वायू तयार होतो.

ऐकायला सोपं वाटतं ना? खरी अडचण दुसऱ्या टप्प्यात आहे. विहिरीतून बादली वर ओढली, पण हौदात ओतण्याआधीच दोर सुटला आणि बादली परत विहिरीत पडली, तर काय? मेहनत वाया. इलेक्ट्रॉनचंही तसंच होतं. पृष्ठभागावर पोचण्याआधीच तो पुन्हा पोकळीत पडतो आणि मिळालेली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. हे सगळं सेकंदाच्या अतिशय लहान भागात घडतं. म्हणून शास्त्रज्ञ उत्प्रेरकाचे कण फार बारीक ठेवतात, म्हणजे इलेक्ट्रॉनला चालावं लागणारं अंतर कमी होतं. आणि त्यावर प्लॅटिनमसारख्या धातूचे ठिपके बसवतात, म्हणजे इलेक्ट्रॉनला पकडून धरायला कुणीतरी असतं.

तुमच्या घराच्या भिंतीवरचं प्रकाश-उत्प्रेरण

ऑइल पेंट दिलेल्या जुन्या, उन्हात असलेल्या भिंतीवर किंवा फाटकावर हात फिरवा. हाताला पांढरी भुकटी लागते का? (चुना दिलेली भिंत नको, तिची भुकटी वेगळ्या कारणानं निघते.) पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड नावाची पूड असते. उन्हातले अतिनील किरण तिच्यावर पडले की ती आजूबाजूच्या रंगातला चिकट भाग हळूहळू तोडते. धरून ठेवणारं काही उरलं नाही, की पूड सुटी होते. रंगवाल्यांना नकोसं असलेलं हे काम म्हणजे प्रकाश-उत्प्रेरणच! चांगल्या रंगात ते टाळण्यासाठी या पुडीच्या कणांवर दुसरा थर चढवलेला असतो.

आणि गंमत पाहा, पाणी फोडण्याच्या या शास्त्राची मोठी सुरुवात याच पांढऱ्या पुडीपासून झाली.

स्वप्न १९१२ चं, प्रयोग १९७२ चा

इटलीतले रसायनशास्त्रज्ञ जियाकोमो चामिचियान यांनी १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये भविष्यातल्या प्रकाश-रसायनशास्त्रावर भाषण दिलं. त्या काळी सगळं जग दगडी कोळशावर चालत होतं. कोळसा कधीतरी संपणार, हे ओळखून त्यांनी एक चित्र मांडलं : जिथं पीक येत नाही अशा रखरखीत मुलुखात काचेच्या नळ्या पसरलेल्या आहेत, उन्हावर रसायनं तयार होत आहेत, आणि कारखान्यांना धुराडी नाहीत.

त्यानंतर ६० वर्षांनी, १९७२ मध्ये, जपानच्या अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांचा प्रयोग 'नेचर' या नियतकालिकात छापून आला. टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश पाडला, तेव्हा तिथं ऑक्सिजन सुटला आणि समोरच्या प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर हायड्रोजन. प्रकाशाच्या मदतीनं पाणी फुटलं होतं!

मग घरोघरी हायड्रोजन का आला नाही? उत्तर रंगात आहे. टायटॅनियम डायऑक्साइड पांढरा आहे. पांढरा म्हणजे डोळ्याला दिसणारा सगळा प्रकाश परत फेकणारा. उन्हात पांढरा सदरा का घालतात, आठवा. ही पूड फक्त अतिनील किरण शोषते आणि ते तर उन्हात जेमतेम ४ ते ५ टक्के असतात. बाकीचं ऊन फुकट जातं. म्हणून दिसणारा प्रकाश खाणारा, म्हणजेच रंगीत, उत्प्रेरक हवा होता.

पुण्यातला झेंडू

असा एक उत्प्रेरक आपल्या महाराष्ट्राशी जोडलेला आहे. पुण्यात पाषाण रस्त्याच्या परिसरात सी-मेट नावाची केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे. तिथले डॉ. भारत काळे आणि दक्षिण कोरियातले त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये कॅडमियम, इंडियम आणि गंधक यांच्या संयुगावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पुडीचे कण पाकळ्या-पाकळ्यांच्या फुलासारखे दिसतात. शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्यांनी नाव दिलं : झेंडू! आपण दसऱ्याला दाराला बांधतो तोच. इतक्या पाकळ्या म्हणजे पृष्ठभाग जास्त, आणि पृष्ठभाग जास्त म्हणजे अभिक्रियेला जागा जास्त.

हा झेंडू दिसणाऱ्या प्रकाशावर काम करतो. त्यानं पाणी नाही, तर हायड्रोजन सल्फाइड फोडला. सडक्या अंड्याचा वास येतो तो हाच विषारी वायू. तो का निवडला? दोन कारणं आहेत.

पहिलं, हायड्रोजन सल्फाइड फोडायला पाण्याच्या मानानं साधारण सातव्या हिश्श्याएवढीच ऊर्जा लागते. चढ फार कमी.

दुसरं, कच्च्या तेलातलं गंधक काढताना मुंबईच्या माहुलसारख्या ठिकाणच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत हा वायू मोठ्या प्रमाणात तयार होतो. आज जी पद्धत वापरतात, तिच्यात गंधक परत मिळतं, पण हायड्रोजनचं पुन्हा पाणी होऊन जातं. आणि गंमत म्हणजे, गंधक काढण्यासाठी त्याच कारखान्यांना हायड्रोजन मुद्दाम तयार करून घ्यावा लागतो. उन्हावर हा वायू फोडला तर गंधकही मिळेल आणि हायड्रोजनही.

अर्थात, अडचण इथंही आहे. कॅडमियम विषारी धातू आहे. म्हणून असेच गुण असलेले, पण निर्धोक पदार्थ शोधण्याचं काम जगभर सुरू आहे. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही डॉ. चिन्नकोंडा गोपीनाथ यांच्या गटानं 'कृत्रिम पाना'वर काम केलं आहे. वायर न जोडता उन्हात ठेवायचं आणि पाण्यातून हायड्रोजन मिळवायचा, ही त्यामागची कल्पना.

मग युरियाचं काय?

आता आपल्या रांगेकडं परत येऊ. युरिया तयार होतो अमोनियापासून. अमोनियासाठी हवेतला नायट्रोजन लागतो, तो फुकट आहे. आणि हायड्रोजन लागतो, तो फुकट नाही. आपल्या देशात हा हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतात. त्या वायूचा मोठा भाग परदेशातून येतो. म्हणून दूर कुठं युद्ध पेटलं की त्याची झळ हदगावच्या रांगेपर्यंत पोचते.

एका बॅगेत ४५ किलो युरिया असतो. त्याला किती हायड्रोजन लागतो? रेणूंचं गणित करून पाहा : ६० ग्रॅम युरियासाठी ३४ ग्रॅम अमोनिया, त्यासाठी ६ ग्रॅम हायड्रोजन. म्हणजे ४५ किलोला साधारण ४.५ किलो हायड्रोजन.

तेवढा हायड्रोजन उन्हातून मिळेल का? २०२१ मध्ये जपानच्या काझुनारी डोमेन यांच्या गटानं १०० चौरस मीटरवर प्रकाश-उत्प्रेरकाच्या पट्ट्या मांडल्या. स्ट्रॉन्शियम टायटॅनेट नावाच्या पुडीचा थर, वरून काच, मधून पाण्याचा पातळ पडदा. ही मांडणी उघड्यावर कित्येक महिने चालली. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र निघतात, आणि हे मिश्रण स्फोटक असतं. त्यातून हायड्रोजन वेगळा काढण्यासाठी त्यांनी खास पापुद्रा वापरला. उन्हातली जास्तीत जास्त ०.७६ टक्के ऊर्जा हायड्रोजनमध्ये उतरली.

०.७६ टक्के ऐकून तोंड वाकडं करू नका. हाच आकडा आपल्या एकराला लावा. २०,००० युनिटचे ०.७६ टक्के म्हणजे साधारण १५० युनिट. एक किलो हायड्रोजनमध्ये साधारण ३३ युनिट असतात. म्हणजे दिवसाला सुमारे ४.६ किलो हायड्रोजन. एक एकर, एक दिवस, एका बॅगेपुरता हायड्रोजन! दिवसभर तोच सर्वोत्तम वेग राहिला असं धरून केलेला हा हिशोब आहे. प्रत्यक्षात कमी मिळेल.

आणि पाणी? आपण मराठवाड्यातले, हा प्रश्न आपण आधी विचारणार. एक किलो हायड्रोजनला ९ लिटर पाणी लागतं. म्हणजे एका बॅगेला साधारण ४० लिटर, तीन घागरी. पाणी स्वच्छ लागतं, पण फार लागत नाही. अडचण पाण्याची नाही.

मग अडलंय कुठं?

खर्चात आणि टिकाऊपणात. एक एकर काच, पापुद्रे आणि नळ्या घालून दिवसाला एका बॅगेपुरता हायड्रोजन परवडणार नाही. हे तंत्र बाजारात टिकायचं तर कार्यक्षमता ५ ते १० टक्क्यांपर्यंत न्यावी लागेल, असं साधारण मानलं जातं. स्ट्रॉन्शियम टायटॅनेटही पांढराच, फक्त अतिनील किरण खाणारा. म्हणजे झेंडूसारखा दिसणारा प्रकाश खाणारा, स्वस्त, बिनविषारी आणि वर्षानुवर्षं टिकणारा पदार्थ अजून हवा आहे.

तोपर्यंत दुसरा रस्ता पुढं आहे : सोलर पॅनलनं वीज करायची आणि त्या विजेनं पाणी फोडायचं. पॅनल उन्हातली साधारण २० टक्के ऊर्जा वीज म्हणून देतो आणि त्या विजेतली दोन तृतीयांशाच्या आसपास हायड्रोजनमध्ये उतरते. म्हणजे एकूण १३ टक्के तरी धरा. केंद्र सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं, त्यासाठी १९,७४४ कोटी रुपये ठरवले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन हे त्याचं लक्ष्य आहे. या कामात आज मुख्य भर याच रस्त्यावर आहे.

"मग सर, प्रकाश-उत्प्रेरणाचा आटापिटा कशाला?" असं विचाराल. कारण त्यात वेगळा पॅनल नको, वायरी नकोत, वीज साठवणं नको. पूड चांगली सापडली तर काचेखाली रंगासारखी पसरता येईल. शिवाय ही कला हायड्रोजनपुरती नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉलसारखं द्रवरूप इंधन करणं, कापडगिरणीच्या सांडपाण्यातले रंग तोडणं, अशा कामांवरही प्रयोग चालू आहेत. कार्बन डायऑक्साइड ही तर कोळशाची आणि डिझेलची 'राख'. तिचं पुन्हा इंधन करायचं, तेही उन्हावर.

असा दावा ऐकला तर तीन प्रश्न विचारा

१. ऊर्जा कुठून येते? पाणी हे उत्तर असेल तर तिथंच थांबा. ऊन, वारा, वीज असं काहीतरी उत्तर आलं पाहिजे.

२. किती जागेत, किती वेळात, किती मिळालं? एक चौरस मीटरवर भर दुपारी फार तर १ किलोवॅट ऊन पडतं. त्याहून जास्त निघालं असं कुणी सांगितलं, तर आकडा चुकलाय किंवा माणूस चुकवतोय.

३. किती दिवस टिकलं? तासभर चाललेला प्रयोग आणि वर्षभर चाललेलं यंत्र यात फार अंतर असतं.

हे तीन प्रश्न त्या मामांनी विचारले असते, तर त्यांचे पैसे वाचले असते.

करून पहा

औषधाच्या दुकानात मिळणारं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड शिक्षकांच्या देखरेखीखाली एका ग्लासात थोडं घ्या. त्यात कच्च्या बटाट्याची फोड टाका. भराभर बुडबुडे येतील. ज्योत विझवलेली, पण टोकाला निखारा असलेली अगरबत्ती ग्लासाच्या तोंडाशी धरा. निखारा जास्त लाल होतो. तो ऑक्सिजन. बटाट्यातला एक पदार्थ इथं उत्प्रेरकाचं काम करतो. घरी मिठाच्या पाण्यात विजेच्या वायरी घालून पाणी फोडायचा प्रयत्न मात्र करू नका. त्यातून क्लोरीनसारखा घातक वायू निघतो.

स्वाध्याय

१. पाण्याला हायड्रोजनची 'राख' का म्हटलं आहे?

२. पांढऱ्या रंगाच्या उत्प्रेरकाला मर्यादा का येते?

३. कार्यक्षमता ५ टक्के झाली, तर एका एकरावर दिवसाला किती बॅग युरियापुरता हायड्रोजन मिळेल? गणित करून दाखवा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर साडेसहाच्या आसपास आलं, तर तुमचं गणित बरोबर आहे. आता पुन्हा जुलैत रांगेत उभं राहाल तेव्हा एकदा वर बघा. ढगाआडून का होईना, आपल्या रानावर रोज पडणारं ते ऊन अजून फुकट जातंय. ते पकडणारी पूड अजून पूर्ण सापडलेली नाही. शोधणाऱ्यांत हदगावचं एखादं लेकरू का असू नये?